हसूकाकांच्या झाडाचा कागद

लाकडाच्या ओंडक्यावर चढण्यापूर्वी चपला काढाव्यात की नाही, यावरून आमच्या कारखान्यात दोन पक्ष होते. एका पक्षात हसूकाका एकटे. दुसऱ्या पक्षात शेठ, विमा कंपनी आणि सरकारचा फॅक्टरी इन्स्पेक्टर. मी तिथे होतो तेवढी वर्षं ही लढाई चालली आणि हसूकाका एकदाही हरले नाहीत. कंपनीने त्यांना पुढे लोखंडी टोपण असलेले जाडजूड सेफ्टी शूज दिले, तर त्यांनी दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवली आणि अनवाणी वर चढले. इन्स्पेक्टर ओरडला, तेव्हा वरूनच म्हणाले, "घातलंय ना साहेब. कुठं घालायचं ते नोटिशीत लिवलेला नाय."

हसुराम तांडेल हे त्यांचं पूर्ण नाव. गाव शिरवणे. कारखाना गावाच्या पाठीमागे, एमआयडीसीत. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नेरूळच्या सोसायट्यांमध्ये तेव्हा माणसांपेक्षा रिकामे फ्लॅट जास्त होते आणि त्यातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही गिरगावातून येऊन राहिलो होतो. मला या कारखान्यात निर्यातीचे कागद टाइप करायची नोकरी लागली. कारखान्यात लाकडी ट्रे, भाजी चिरायचे पाट आणि सॅलडचे भलेमोठे वाडगे व्हायचे. सगळा माल हॉलंडला जायचा. इथे कुणी सॅलड खात नव्हतं.

हसूकाका यार्डाचे मुकादम. बोटीने आलेले ओंडके उरणच्या बाजूने ट्रेलरवर येत, ते उतरवून घ्यायचे, ओळखायचे, रचायचे आणि करवतीकडे पाठवायचे, हे त्यांचं काम. यार्डातल्या क्रेनखाली पूर्वी त्यांच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. आपण घर दाखवताना 'ही खिडकी पूर्वेची' म्हणतो, तसं सांगत. जमीन गेली, त्या बदल्यात गावातल्या चाळीसेक माणसांना कारखान्यात काम मिळालं होतं. त्यातली निम्मी हसूकाकांनी हाताला धरून आणली होती. त्यांच्या दोन सुना आमच्या पॉलिशच्या शेडमध्ये होत्या.

तर चपलांचं. ज्या लाकडात वर्षावर्षाचे वेढे दिसत, त्याच्या कापलेल्या तोंडाशी हसूकाका झाडूची काडी घेऊन उकिडवे बसत आणि मोजत. आपल्या वयाचा आकडा आला की काडी टाकून देत. पुढे मोजत नसत. मी एकदा विचारलं, काका, अजून अर्धं झाड बाकी आहे. म्हणाले, "आपल्यापेक्षा मोठा हाय येवढा कळला. बास. मोठ्या मानसाला वय इचारतात काय?" आणि चपला काढून वर गेले.

मला ते 'इंग्लिस' म्हणत. "ओ इंग्लिस, चाय पिणार काय?" कारखान्यात माझं दुसरं नाव उरलंच नाही. शेठचा फोन आला तरी ऑपरेटर म्हणायची, इंग्लिसला देते.

दुसरी गोष्ट माशांची. हसूकाकांना आपल्याकडची झाडं ठाऊक होती. साग, शिसव, ऐन, आंबा. पण बोटीने येणारी झाडं समुद्रापलीकडची. त्यांची नावं इन्व्हॉइसवर असायची आणि ती माझ्याही तोंडात बसत नव्हती. यार्डात रोज हाक मारायला काहीतरी नाव हवं. हसूकाकांचा जन्म खाडीकाठचा, त्यांनी मासे वाटून टाकले. पांढरं, मऊ, पटकन खराब होणारं रबराचं लाकूड म्हणजे बोंबील. ते केरळातून यायचं. ब्रह्मदेशातलं महागडं सागवान म्हणजे पापलेट. लालसर, सरळ धाग्याचं, ज्याचे आमचे बहुतेक वाडगे व्हायचे, ते रावस. करवतीचे दात तोडणारं एक काळपट लाकूड होतं, ते चिंबोरी, म्हणजे खेकडा. नवीन माल आला की ते ओंडक्याची साल हाताने चापटत आणि विचारत, "कंचे गावचा रं तू?" मग सालीखालचा एक धागा काढून चघळत. डोळे मिटत. त्या दोन मिनिटांत यार्डात क्रेनसुद्धा थांबलेली असे. मग निकाल लागे, "रावस. पन दुसऱ्या बंदराचा."

स्टॉकचं रजिस्टर तेच सांगत आणि मी लिहीत असे. त्यामुळे एकदा कस्टमचा अधिकारी अचानक आला, त्याने रजिस्टर उघडलं आणि त्याला दिसलं की लाकडाच्या कारखान्यात एका महिन्यात सहाशे रावस, दोनशे बोंबील आणि चाळीस चिंबोऱ्या आल्या. त्याने शांतपणे विचारलं, कोल्ड स्टोरेज कुठे आहे. शेठना खुर्चीत बसवावं लागलं. हसूकाकांनी अधिकाऱ्याला यार्डात नेलं, एकेका ओंडक्याची ओळख करून दिली आणि तो माणूस जाताना आपल्या घराच्या दरवाजाला कुठला मासा चांगला, हे विचारून गेला.

कुठल्याही कामाला उशीर झाला, बोट लांबली, पगार लांबला, की हसूकाका म्हणत, "ओहोटी हाय." एवढंच. पाणी गेलंय म्हणजे येणार, असा त्यांचा हिशेब. त्या माणसाला मी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

मग हॉलंडहून पत्र आलं.

चार पानी पत्र होतं. मी ते शेठच्या केबिनमध्ये उभा राहून मराठी-हिंदीत वाचून दाखवलं. मजकूर असा, की आमच्याकडे लोक दुकानांसमोर पाट्या घेऊन उभे राहू लागले आहेत. तुमच्या एका ट्रेसाठी कुठल्यातरी बेटावरचं जंगल साफ होतंय, असं त्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. म्हणून आम्ही दुकानदारांनी ठरवलंय, की जंगल तोडून आलेल्या लाकडाचा माल देशात आणायचा नाही. यापुढे प्रत्येक खेपेबरोबर लाकडाचा उगम दाखवायचा. झाड कुठे होतं, कोणी लावलं, कोणी तोडलं, कोणाच्या परवानगीने तोडलं. पाहणीसाठी आमचा माणूस येईल.

शेठनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "आपला माल बोटीतून येतो. त्यात जंगल कुठून आलं?" पण ते भोळे नव्हते. पंधरा दिवसांत त्यांनी एजंटकडून कागद मिळवले. पाच रंगांचे शिक्के, तीन सह्या, वर एक पक्षी छापलेला. सगळा रावस लागवडीचा आहे, माणसांनी लावून वाढवलेला आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी आयुष्यात त्याच्याइतका देखणा कागद पाहिला नव्हता. मी तो फाइलला लावला. मला खरं काय ते माहीत होतं का? माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणू या.

हॉलंडचा माणूस आला. दारातून वाकून आत यावा एवढा उंच. यार्डाने त्याला पाहताच 'ताडसाहेब' हे नाव देऊन टाकलं. माणूस सभ्य होता. चहा प्यायला, कागद वाचले, शिक्के निरखले, मान डोलावली. शेठनी माझ्याकडे पाहून हळूच डोळे मिटले. सुटलो, असा त्याचा अर्थ. आणि तेवढ्यात ताडसाहेबाने वही मिटून विचारलं, की ओंडके उतरवून घेणारा माणूस कोण? मला त्याच्याशी बोलायचंय.

आम्ही सगळे यार्डात गेलो. हसूकाका रावसाच्या थप्पीपाशी उभे होते. ताडसाहेबाने इंग्रजीत विचारलं, मी मराठीत विचारलं, की काका, साहेब विचारतात, यातलं लागवडीचं लाकूड कुठलं आणि जंगलातलं कुठलं, हे तुम्हाला सांगता येतं का?

वर्षानुवर्षं त्या माणसाला त्याच्या विद्येबद्दल असा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या मागे शेठ मान हलवत होते, नको, नको, आणि हसूकाकांची पाठ त्यांच्याकडे होती.

त्यांनी आधी बोंबलाच्या लहान थप्पीवर हात ठेवला. "यो लावलेला. रांगेत वाढलेला हाय, शालंतल्या पोरांसारखा. सगले एका उंचीचे." मग चपला काढल्या, रावसाच्या थप्पीवर चढले, आणि एका ओंडक्याच्या तोंडावरून तळवा फिरवत म्हणाले, "यो कोनी लावलेला नाय साहेब. यो आपला आपन उगवला. बग, एका अंगाला कसा जाड झालाय. बाजूला मोठा झार असंल, त्याच्या सावलीतनं उनाकडं वाकत वाकत गेलाय. लय वर्सं झगडलाय यो."

भाषांतर करायची वेळ आली. शेठ माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि नक्की काय बोलणार होतो, हे मला आजही सांगता येणार नाही. गरजच पडली नाही. हसूकाकांनी हाताने झाडाचं वाकणं दाखवलं होतं, आणि ताडसाहेब ते बघून वहीत लिहीत होता.

ऑर्डर थांबली. रद्द नाही, थांबली. उगम दाखवता येईल अशा लाकडाचे नमुने तीन महिन्यांत पाठवा, नाहीतर आपला व्यवहार संपला, असं ताडसाहेब सांगून गेला. शेठनी हसूकाकांना केबिनमध्ये बोलावलं, पण ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तांडेल, तुमच्या गावची चाळीस माणसं आहेत. मी दुसरा धंदा करेन. त्यांचं तुम्ही बघा."

ती चाळीस माणसं मात्र गप्प बसली नाहीत. त्या संध्याकाळी गेटवर त्यांनी काकांना गाठलं. कोणी म्हणालं, काका, एक दिवस जीभ चावली असती तर काय बिघडलं असतं. कोणी म्हणालं, यांना झाडाची माया, आमच्या पोरांची नाय. धाकटी सून पदर तोंडाला लावून उभी होती. हसूकाका ऐकत राहिले. 'ओहोटी हाय' म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून ते वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

शेठनी केरळातून दोन ट्रक रबराचं लाकूड मागवलं. ते लाकूड कापल्यावर चार-सहा दिवसांत औषधाच्या टाकीत बुडवावं लागतं. ट्रक वाटेत आठ दिवस अडकले. माल उतरवला तेव्हा सगळ्या फळ्यांवर निळी बुरशी होती. हसूकाका ती निळी थप्पी पाहून तडक माझ्या टेबलापाशी आले.

"इंग्लिस, त्या पत्रात काय काय इचारलंय ते पुना सांग."

मी सांगितलं. कुठे होतं, कोणी लावलं, कोणी तोडलं.

"आंबा चालंल?"

मी म्हटलं, चालायला हरकत नाही. जंगल नाही ते.

"आंबा जंगलात कुठला? आंबा कोनाच्या ना कोनाच्या दारात असतो. परत्येक आंब्याला लावनारा मानूस हाय. मी नावानिशी सांगतो तुला, गावात कंचा कोनी लावला. पार तलवली गावापरतचे सांगतो." ते बोलत होते तशी त्यांची बोटं माझ्या टेबलावर वाजत होती. गावोगावचे जुने, फळ न धरणारे आंबे घ्यायचे, एक तोडला की दोन लावायचे, प्रत्येकाचा लावणारा लिहून द्यायचा. योजना वेडी नव्हती. आंब्याचं लाकूड कमी प्रतीचं म्हणून शेठनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाले, बारा वाडगे करून दाखवा. आवडले तर पुढचं बघू.

बारा वाडग्यांना लाकूड हवं होतं, आणि दिवस उरले होते थोडे. गावात कोणी काकांना झाड देईना. राग गेला नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःचं तोडायचं ठरवलं.

हे झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं. गावठाणाच्या कडेला, घरापासून शंभर पावलांवर, जिथून पुढे नव्या सेक्टरचे आखीव प्लॉट सुरू होत. मी रविवारी तिथे गेलो, कारण लाकडाच्या उगमाची नोंद मला टाइप करायची होती. झाडाला कैऱ्या लागल्या होत्या. आणि बुंध्याला टेकून गोमीकाकी बसली होती, हसूकाकांची बायको. पाय पसरून, हात मांडीवर ठेवून. त्यांचे दोघे जावई कुऱ्हाडी आणि दोघांनी ओढायची करवत घेऊन बाजूला उभे होते आणि एकमेकांकडे बघत होते.

हसूकाका तिच्यासमोर उकिडवे बसले. शेवटी काकी गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"तोर," ती म्हणाली. "पन कैऱ्या उतरव आदी."

आधी कैऱ्या उतरवल्या. आठ टोपल्या झाल्या. काकीने त्यातली एक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आईला लोणच्याला ने. मग हसूकाकांनी चपला काढल्या आणि पहिला घाव स्वतः घातला. झाड दुपारी पडलं. वेढे मोजायला कोणी बसलं नाही.

ते बारा वाडगे. मी निर्यातीत पुढे पुष्कळ वर्षं काढली, पुष्कळ माल पाहिला. तसे वाडगे पुन्हा पाहिले नाहीत. मधासारखा रंग, आणि त्यातून धुरासारखी एक करडी रेघ फिरत गेलेली. भट्टीत वाळवताना हसूकाका दर तासाला जाऊन बघून येत. पॉलिश त्यांच्या सुनांनी केलं. आणि ज्या माणसांनी गेटवर बोल लावले होते, ती एकेक करून येऊन वाडगा हातात घेऊन, उलटा-सुलटा करून ठेवून जात. यार्डात पहिल्यांदा कोणीतरी काकांसाठी चहा आणला.

वाडगे विमानाने गेले. सोबत मी टाइप केलेला कागद. झाड, आंबा. गाव, शिरवणे. लावणारा, काथोड तांडेल. तोडणारा, हसुराम काथोड तांडेल. हॉलंडहून फॅक्स आला, की वाडगे अतिशय सुंदर आहेत, दुकानदारांना आवडले, मोठी ऑर्डर देता येईल. मी फॅक्स हातात धरून यार्डात धावत गेलो आणि अर्धा तास तिथे काम झालं नाही. मग जागेवर परत येऊन मी खालची दोन वाक्यं नीट वाचली. जमिनीच्या मालकीचा दाखला आणि झाड तोडायच्या परवानगीची प्रत पाठवावी. इतकंच बाकी आहे.

इतकंच.

मी आणि हसूकाका बेलापूरच्या जमीन कार्यालयात गेलो. काकांनी धुतलेला सदरा घातला होता आणि सेफ्टी शूज, चक्क पायात. खिडकीतल्या कारकुनाला मी सांगितलं, यांच्या झाडाचा दाखला हवाय. त्याने गाव विचारलं, नाव विचारलं, मागच्या कपाटातून एक बाड आणलं आणि बोट फिरवत एका जागी थांबला. ही जमीन संपादित झालेली आहे, म्हणाला. बरीच वर्षं झाली.

हसूकाका म्हणाले, जमीन गेली ते ठाव हाय साहेब. मी झाराचा इचारतोय.

कारकुनाने बाड आमच्याकडे फिरवलं. जमिनीच्या नोंदीखाली त्या जमिनीवरच्या गोष्टींची यादी होती. विहीर, एक. बांध, दगडी. आंबा, एक. त्यापुढे मोबदल्याची रक्कम आणि शेजारी जांभळ्या शाईतला अंगठा. काथोड तांडेलचा.

हसूकाकांनी अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. मग विचारलं, "बापसानं झार इकला व्हता?"

"विकलं नाही हो. जमिनीबरोबर आलं ते. झाड सरकारचं आहे." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं, की प्लॉट पडेपर्यंत कुणी तिकडे फिरकलं नाही म्हणून तुम्ही आंबे खात राहिलात, त्याला कोणाची हरकत नाही. आणि मग सहज, बाड मिटता मिटता त्याने विचारलं, "झाड आहे ना अजून?"

मी काकांच्या पायावर पाय दिला. पण त्यांच्या पायात लोखंडी टोपणाचे बूट होते.

"तोरला," हसूकाका म्हणाले. "मीच तोरला."

विचार करा. आमच्या कारखान्यात शेकडो ओंडके पडले होते, कुठल्या बेटावरचे, कुठल्या डोंगरावरचे, आणि त्या प्रत्येकाचा पाच शिक्क्यांचा कागद माझ्या फाइलीत होता. त्या सगळ्या ढिगात एकच झाड असं होतं, की ज्याचं गाव, ज्याचा लावणारा आणि तोडणारा सगळ्या जगाला ठाऊक होता. आणि चोरीचं ठरलं ते तेच. ते चोरीचं आहे हे सरकारला कळवायला आम्ही स्वतः रिक्षा करून गेलो होतो.

तीन दिवसांनी पंचनामा झाला. जमीन खात्याचा माणूस टेप घेऊन आला, बुंध्याचा घेर मोजला, खुर्चीवर बसून लिहू लागला. मी तिथे होतो. मला वाटलं होतं हसूकाका खाली मान घालून उभे राहतील. तर ते त्या माणसाच्या खांद्यापाशी वाकून एकेक गोष्ट लिहायला लावत होते. झाडाचं वय लिवा. दिशा लिवा. कोनी लावला ते लिवा. तो म्हणाला, त्याचा रकाना नसतो काका. काका म्हणाले, "मग शेरा मारा." आणि त्याने शेरा मारला. मालक या रकान्यात सरकार आलं. आरोपी या रकान्यात हसुराम काथोड तांडेल, वय पंचावन्न, धंदा मुकादम. खाली शिक्का बसला आणि एक प्रत काकांनी मागून घेतली. दंड पुढे काय व्हायचा तो झाला. मला तो कागद आठवतो.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलावर होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला. हसूकाकांचे डोळे लाल होते, पण आवाजात पुन्हा ती टेबलावर वाजणाऱ्या बोटांची घाई होती.

"यात सगला हाय, इंग्लिस. झार कंचा, गाव कंचा, कोनी लावला, कोनी तोरला. सरकारचा शिक्का हाय. त्यांना जे पायजे ते सगला हाय. यो इंग्लिसमधे कर आनि फॅक्सनं धार साहेबाला."

मी म्हटलं, काका, यात तुम्ही आरोपी आहात.

"असू दे की. तोरनारा कोन तेच इचारलाय ना त्यांनी? तुमी चोर हाव काय, असा कुठं इचारलाय?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "चाळीस घरा हायत, बाबा. धार."

मी भाषांतर केलं. पूर्ण केलं, आरोपीसकट. एक शब्द बदलला नाही. फॅक्सच्या मशीनमधून तो कागद कुरकुरत आत जाईपर्यंत ते शेजारी उभे राहिले आणि दुसऱ्या टोकाने तसाच बाहेर आलेला पाहून म्हणाले, "गेला नाय?" मी सांगितलं, गेला काका. तो इथेही राहतो आणि तिथेही जातो. त्यांना ते फार आवडलं.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. सहा ओळी. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. मात्र बेकायदा तोडलेल्या झाडाचं लाकूड आम्ही स्वीकारू शकत नाही आणि यापुढे आपल्याशी व्यवहार चालू ठेवणं अवघड आहे. बारा वाडगे परत पाठवत आहोत.

मी ते शेठना दाखवलं. शेठनी वाचून घडी केली आणि खिशात ठेवलं. त्यांनी दुसऱ्या धंद्याची बोलणी केव्हाच सुरू केली होती. मी केबिनमधून बाहेर आलो. पॅसेजमध्ये हसूकाका उभे होते.

"आला काय?"

"नाही अजून," मी म्हणालो.

का म्हणालो, मला विचारू नका. उद्या सांगू, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या दिवसापासून ते सांगणं अवघड होत गेलं, आणि मग अशक्य झालं. कारखाना दोन महिन्यांत बंद झाला. करवती विकल्या, रावसाची थप्पी ठाण्याच्या कुणी उचलली, यार्डाची जागा कंटेनरवाल्याने भाड्याने घेतली. माणसं पांगली, कोणी उरणला गोदामात गेलं, कोणी भाजी विकू लागलं. वाडग्यांचं खोकं आलं तेव्हा घ्यायला कोणी नव्हतं. गेटवाल्याने ते परत पाठवलं की ठेवून घेतलं, मला माहीत नाही. मला पलीकडच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली होती. तिची बस सकाळी आमच्या जुन्या गेटवरून जायची.

पहिल्याच सोमवारी बस सिग्नलला थांबली आणि मी खिडकीतून पाहिलं. गेटला साखळी होती. बाहेरच्या दगडावर हसूकाका बसले होते. स्वच्छ सदरा, पायात बूट, मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी. शेजारी गावातली तीन-चार माणसं. त्यांना ते काहीतरी समजावून सांगत होते आणि ती ऐकत होती.

त्यांनी मला पाहिलं. उठले. रस्ता ओलांडण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तिथूनच त्यांनी हात वर केला, तळवा उघडला आणि मनगट फिरवलं, काय झालं, असं विचारताना करतात तसा. बाकीच्यांनीही माझ्याकडे माना वळवल्या.

मी खिडकीतून मान हलवली. नाही अजून.

हसूकाकांनी ठीक आहे अशी मान डोलावली, आणि त्या माणसांना तसं सांगायला पुन्हा दगडावर बसले.